गळती थांबली, हे कशावरून?

सकाळी कार्यालयात यायचे, संगणक सुरू करायचा, सामायिक फोल्डरातली कालची फाइल उघडायची आणि काम पुढे न्यायचे, हा असंख्य माणसांचा रोजचा क्रम आहे. ती फाइल आपल्या टेबलावरच्या संगणकात नसते. कुठल्या तरी बंद खोलीत अहोरात्र चालणाऱ्या फाइल सर्व्हरवर ती असते. नळाला पाणी आले की पाण्याच्या टाकीची आठवण कोणी काढत नाही, तशी या सर्व्हरचीही कोणी काढत नाही. आठवण होते ती तो अडल्यावर. एखाद्या दिवशी तो अचानक बंद पडतो, तेव्हा पुष्कळदा त्या दिवशी काहीच बिघडलेले नसते. आतली साधनसामग्री आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबाने गळत आलेली असते आणि त्या दिवशी फक्त शेवटचा थेंब संपतो.

अशी गळती शोधून तिच्यावर दुरुस्ती लिहिणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्याला मानही मिळतो. पण दुरुस्ती लिहून झाल्यावर एक प्रश्न उरतो: गळती खरोखर थांबली, हे कशावरून? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याचे उत्तर द्यायला बसले की मात्र कळते, की इथे एक आख्खी विद्या आहे. तिच्या रीती आहेत, फसव्या जागा आहेत आणि शिस्तही आहे. या विद्येच्या उंबरठ्यावर वाचकांचे स्वागत करावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

गावाकडे लग्नकार्यासाठी देवस्थानाकडून किंवा मंडळाकडून भांडी आणण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा विषय निम्मा कळलेलाच आहे. पातेली, पराती, ताटे, वाट्या मोजून न्यायच्या, वहीत नोंद करायची, कार्य उरकले की घासूनपुसून मोजून परत द्यायच्या. प्रत्येक कार्यात दोन वाट्या मागे राहिल्या, तर त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. काही वर्षांनी मोठी पंगत बसते आणि आमटी वाढायला वाट्या पुरत नाहीत. शेवटच्या यजमानाला बोल लागतो, वाट्या मात्र त्याच्या आधीच्या साऱ्या कार्यांत गेलेल्या असतात.

फाइल सर्व्हरचे कामही असेच उसनवारीवर चालते. कोणी फाइल मागितली की सर्व्हरची प्रोसेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडून एक क्रमांक घेते. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. सोबत थोडी मेमरी घेते, फाइलवर लॉक लावते. काम संपले की हे सारे परत करायचे असते. यातले काही परत करायचे राहून गेले, तर ती गळती, म्हणजेच रिसोर्स लीक. ती बहुधा कुठे होते, हेही भांड्यांच्या वहीतून कळते. कार्य नीट पार पडले तर भांडी परत येतात. कार्य ऐन वेळी मोडले, मंडळी तडकाफडकी निघून गेली, तर भांडी मांडवातच राहतात. प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली, मग अधिकार तपासला, अधिकार नाही असे दिसले आणि कोड तिथूनच माघारी फिरला. उघडलेली फाइल बंद करायची ओळ पुढे होती, तिथपर्यंत तो पोहोचलाच नाही. बऱ्याच गळत्या अशा माघारीच्या वाटेवर सापडतात. सगळे सुरळीत चालले आहे ना, एवढेच पाहणाऱ्या चाचण्या त्या वाटेने कधी जातच नाहीत.

या विषयाकडे गांभीर्याने का पाहावे, याचे उत्तर लंडनमध्ये आहे. तिथल्या अँब्युलन्स सेवेवर सुमारे ६०० चौरस मैलांच्या आणि जवळपास ६८ लाख वस्तीच्या महानगराची जबाबदारी होती. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याचे काम पूर्णपणे नव्या संगणक प्रणालीकडे सोपवण्यात आले. पहिल्या दोन दिवसांतच इतका गोंधळ माजला, की काही कामे पुन्हा हाताने सुरू करावी लागली. पुढचा आठवडाभर बरे गेले. मग ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास प्रणाली मंदावली आणि थोड्याच वेळात पुरती अडकली. ती बंद करून पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न फसला. राखीव सर्व्हरने भार उचलायला हवा होता, तोही त्याने उचलला नाही. कर्मचारी शेवटी कागद आणि टेलिफोनवर परतले.

फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यात त्या पहाटेचे जे कारण नोंदले आहे, ते आपल्या विषयाच्या थेट मर्मावर बोट ठेवते. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरने कोडमध्ये काम करताना एक तुकडा चुकून मागे ठेवला होता. एखादी गाडी रवाना झाली, की त्या तुकड्यामुळे फाइल सर्व्हरमधली थोडीशी मेमरी घेतली जाई आणि ती सुटत नसे. गाड्या जात राहिल्या, मेमरी भरत राहिली आणि तीन आठवड्यांनी उरली नाही.

याच अहवालाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की ही चूक निष्काळजीपणाची होती आणि कोडमधल्या बदलांची नीट तपासणी होत नव्हती. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे: प्रोग्रॅमर किंवा वापरणारे जी नेहमीची चाचणी करतात, तिच्यात हा दोष सापडण्याची शक्यता कमीच होती. वाचकांनी या वाक्याशी थोडे थांबावे. नेहमीच्या चाचणीत गाडी रवाना होते का, हे पाहतात. ती होतच होती. प्रत्येक वेळी, अगदी बरोबर. उत्तर बरोबर येत असताना आतून काय वजा होत आहे, हे पाहायला वेगळी नजर लागते. ती नजर कमावणे हाच या विद्येचा गाभा आहे.

अभ्यासाच्या पातळीवर या प्रश्नाला १९९५ साली एक ठळक वळण मिळाले. अमेरिकेतल्या बेल लॅब्समधले येन्नुन हुआंग, चंद्रा किंतला आणि त्यांचे सहकारी यांनी एका शोधनिबंधात असे मांडले, की दीर्घकाळ चालणारे सॉफ्टवेअर म्हातारे होत जाते. त्याची साधने झिजतात, म्हणून ते पूर्ण थकण्याआधी ठरवून थांबवावे आणि ताजेतवाने करून पुन्हा सुरू करावे. या विचारातून संशोधनाची एक स्वतंत्र शाखा वाढली. ठरवून केलेला रीस्टार्ट आजही अनेक ठिकाणी उपयोगी पडतो, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

तरी त्याची एक बाजू मी जवळून पाहिली आहे. एका कार्यालयात सर्व्हरच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला होता: ‘दर सोमवारी सकाळी आठ वाजता सर्व्हर बंद करून चालू करणे.’ हा नियम कोणी केला आणि का, हे तिथल्या कोणालाच सांगता येत नव्हते. प्रोसेस संपली की कर्नल तिची सारी उसनवारी आपण होऊन मिटवतो. म्हणून रीस्टार्टनंतर सर्व्हर निरोगी दिसतो आणि गळतीचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. दर सोमवारी पुरावा नष्ट होत होता आणि सगळे निश्चिंत होते. चाचणी करणाऱ्याने रीस्टार्टचे बटण दाबण्याआधी आतला हिशेब लिहून घ्यावा, ही सवय मला त्या कागदाने लावली.

पुढच्या पानांतली बहुतेक उदाहरणे सांबा या फाइल सर्व्हरमधली आहेत. कारण उघड आहे: त्याचा कोड आणि त्याच्या चाचण्या कोणालाही वाचता येतात. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस त्याची सुरुवात केली. युनिक्सच्या यंत्रावरच्या फाइल वेगळ्या प्रकारच्या संगणकांना वाचता याव्यात, ही त्यांची गरज होती. पुढे विंडोजचे संगणक आणि लिनक्सचे सर्व्हर यांच्यातला तो भक्कम पूल झाला. एसएमबी या संवादपद्धतीच्या नावातली एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शब्दसूचीत शोधताना ‘सांबा’ हे नाव सापडले. आज दुकानात मिळणाऱ्या कित्येक छोट्या नेटवर्क स्टोरेज पेट्यांमध्ये तो मुकाट काम करत असतो.

सांबा प्रत्येक जोडणीसाठी साधारणतः एसएमबीडी नावाची एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. माणूस संध्याकाळी संगणक बंद करून गेला, की त्याची प्रोसेस संपते आणि तिची गळतीही तिच्याबरोबर जाते. म्हणून रोज घरी जाणाऱ्या माणसांना गळती जाणवत नाही. महिनोन्‌महिने न तुटणारी जोडणी असते, उदाहरणार्थ रात्रंदिवस फाइल लिहिणाऱ्या दुसऱ्या एखाद्या यंत्राची, तिथे ती उघडी पडते. एका ठिकाणी दोष दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी तेच सॉफ्टवेअर निर्दोष वाटते, याचे कोडे पुष्कळदा इथे सुटते.

आता एक प्रयोग जवळून पाहू. लिनक्सच्या यंत्रावर सांबा सुरू करा, दुसऱ्या यंत्रावरून जोडणी करा आणि त्या जोडणीच्या एसएमबीडी प्रोसेसचा क्रमांक शोधा. ‘प्रोक’ या फोल्डरात त्या क्रमांकाचे एक फोल्डर असते आणि त्याच्या आत ‘एफडी’ नावाचे आणखी एक. त्यातली एकेक नोंद म्हणजे त्या प्रोसेसने उघडून ठेवलेली एकेक फाइल, सॉकेट किंवा तत्सम वस्तू. नोंदी मोजा. समजा, ३८ भरल्या. हा आकडा कागदावर लिहा. मग जी फाइल उघडण्याचा अधिकार तुम्हाला नाही, ती उघडण्याचा प्रयत्न एक हजार वेळा करणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. हजार वेळा नकार येईल, आणि तो यायलाच हवा. पुन्हा मोजा. आकडा अडतिसाच्या आसपास असेल तर हिशेब चोख आहे. तो १,०३८ झाला असेल, तर प्रत्येक नकारामागे एक वाटी मांडवात राहिली आहे.

हीच स्क्रिप्ट दुरुस्तीची कसोटी होते, पण एका अटीवर. दुरुस्तीआधीच्या कोडवर ती आधी नापास झालेली तुम्ही स्वतः पाहिली पाहिजे. जी चाचणी आजारी कोडलाही पास करते, तिने बऱ्या झालेल्या कोडला पास केले, यातून काहीच सिद्ध होत नाही. घाईच्या दिवसांत ही पायरी सर्वांत आधी गाळली जाते. वाचकांनी ती कधीही गाळू नये.

दुरुस्तीनंतर समजा असे दिसले: सुरुवातीला ३८, शंभर प्रयत्नांनंतर ४१, हजारांनंतर ४१, दहा हजारांनंतरही ४१. नवखा माणूस त्या तीनच्या वाढीने बिचकतो. खरे तर पहिल्या कामात सर्व्हर काही गोष्टी पुढच्या सोयीसाठी हाताशी ठेवतो; एखादी लॉगची फाइल उघडतो, कॅश भरून घेतो. ही वाढ एकदाच होते आणि थांबते. म्हणून ‘आकडा वाढला का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कामाबरोबर तो वाढतच राहतो का’ हा खरा प्रश्न. त्यासाठी दोन मोजण्या कधीच पुरत नाहीत. चार-पाच तरी हव्यात आणि त्या वाढत्या अंतरांवर हव्यात.

वेळेचाही एक पेच आहे. लिनक्सवर एका प्रोसेसला साधारणपणे १,०२४ फाइल उघडता येतात. सांबा ही मर्यादा विंडोजच्या रिवाजाला धरून १६,३८४ पर्यंत वर नेतो. मिनिटाला एक अशी गळती असेल, तर ती मर्यादा गाठायला अकरा दिवसांहून जास्त काळ लागेल. तेवढी वाट पाहायला कोणाकडे सवड असते? अशा वेळी मर्यादाच चाचणीपुरती खाली आणायची. शंभर फाइलचीच मुभा असलेली प्रोसेस दोन तासांच्या आत ‘टू मेनी ओपन फाइल्स’ अशी तक्रार करते, आणि जे अकरा दिवसांनी दिसले असते ते जेवणाच्या सुट्टीच्या आसपास दिसते. लंडनमधला सर्व्हरही मुद्दाम थोडीच मेमरी देऊन चालवून पाहिला असता, तर तीन आठवड्यांची ती वाट बरीच आखूड झाली असती.

मेमरीची गळती यापेक्षा चकवणारी असते. ज्युलियन सीवर्ड यांनी घडवलेले आणि २००२ पासून वापरात असलेले व्हॅलग्रिंड हे साधन, प्रोग्रॅम संपताना कोणती मेमरी बेवारस राहिली, ते दाखवते. सांबामध्ये मात्र मेमरी टॅलॉक या पद्धतीने वाटली जाते. तिच्यात प्रत्येक तुकड्याला एक पालक असतो आणि पालक मोकळा झाला की त्याची लेकरेही मोकळी होतात. ही सुंदर व्यवस्था आहे. पण क्षणभराच्या कामाचा तुकडा चुकून आख्ख्या जोडणीएवढे आयुष्य असलेल्या पालकाच्या पदरी पडला, तर तो जोडणी संपेपर्यंत जगतो. शेवटी सारे व्यवस्थित सुटते, व्हॅलग्रिंडला खोट दिसत नाही, आणि मधले दिवस मात्र प्रोसेस फुगत राहते. म्हणून इथे हिशेब मधूनच तपासावा लागतो. टॅलॉकला आपले सारे झाड छापून दाखवता येते. काही काळाच्या अंतराने अशी दोन झाडे छापून शेजारी ठेवली, की कोणती फांदी वाढली ते डोळ्यांना दिसते.

आणखी एक धोका इथेच सांगून ठेवतो, कारण तो उत्साही माणसाला गाठतो. गळती थांबवण्याच्या भरात तीच फाइल दोनदा बंद केली जाते. कर्नल नव्या फाइलला सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतो. पहिल्यांदा बंद करताना १२ हा क्रमांक मोकळा झाला, लगेच दुसऱ्याच फाइलला तो मिळाला, आणि मग दुसऱ्यांदा बंद करताना ती परकी फाइल बंद झाली. त्यानंतर बारा क्रमांक तिसऱ्याच फाइलकडे गेला, तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाइलीत लिहिला जाऊ शकतो. गळतीने सर्व्हर थांबतो, या चुकीने माहिती बिघडते, आणि बिघडलेली माहिती महिनाभर कोणाच्या नजरेस येत नाही. म्हणून आकडा स्थिर झाला एवढ्यावर समाधान मानू नये. अनेक जणांना एकाच वेळी फाइल लिहायला लावाव्यात, त्या परत वाचाव्यात आणि अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावे.

या विषयाकडे कसे यावे, असे नवे वाचक विचारतात. सी भाषा येत असेल तर उत्तम. येत नसली तरी मोजण्याचे सारे प्रयोग करता येतील आणि कोड हळूहळू उलगडत जाईल. सगळे एका दमात वाचू नये. एक प्रयोग वाचावा, तो आपल्या यंत्रावर करावा, मगच पुढे जावे. शेजारी एक वही असावी. तिच्यात तीन रकाने आखावेत: वेळ, काय केले आणि आकडा किती आला. ‘आता ठीक वाटते’ हे शब्द त्या वहीत लिहू नयेत. प्रयोग फसला तर तोही तारखेसह लिहावा; पुढच्या माणसाला त्याचा उपयोग यशस्वी प्रयोगाइतकाच होतो.

शेवटी मनातली एक गोष्ट. पुण्या-मुंबईत, नागपुरात आणि परदेशातही हजारो मराठी तरुण-तरुणी सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करतात. घरी कोणी विचारले तर ‘टेस्टिंगमध्ये आहे’ असे थोडे दबक्या आवाजात सांगतात, जणू खरे काम दुसऱ्याचे आणि आपले ते नुसते मागून पाहण्याचे. लंडनची ती पहाट ज्याने समजून घेतली, तो असे म्हणणार नाही. दुरुस्ती लिहिणारा म्हणतो की गळती थांबली. ती थांबली आहे, हे जगाला सांगण्याचा अधिकार ज्याने मोजले त्याचा आहे.

तेव्हा वाचकहो, पान उलटण्यापूर्वी एवढे करा. तुमच्या हाताशी जो सर्व्हर चालू आहे, त्यातल्या एका प्रोसेसच्या उघड्या फाइल मोजा आणि आजच्या तारखेसह पहिला आकडा वहीत लिहून ठेवा. उद्या याच वेळी पुन्हा मोजा.